विश्लेषण : ऑर्डरी वाढल्या, तरी हातात पैसा का नाही? दादर-परळच्या छोट्या कपडा-ब्रँडपुढचा पेच

गिरगावच्या गुढीपाडवा शोभायात्रेतले कुर्ते, लालबाग-चिंचपोकळीच्या आगमन सोहळ्यातले छापील टी-शर्ट, शिवाजी पार्कच्या वनिता समाजमध्ये भरणाऱ्या प्रदर्शनांतल्या सुती कुर्त्या आणि खणाच्या पिशव्या. यातला बराच माल मोठ्या कंपन्यांचा नसतो. दोन मैत्रिणी, नवरा-बायको किंवा नोकरी सोडलेला एखादा डिझायनर, एक कटिंग मास्तर, चार-पाच कारागीर आणि इन्स्टाग्रामवरचे एक पान एवढ्यावर तो उभा असतो. दोन-तीन हंगाम बरे जातात. ऑर्डरी वाढतात, पाठीराखे वाढतात, ओळखीपाळखीत नाव होते. आणि नेमक्या त्याच वेळी मालकाच्या लक्षात येते की महिनाअखेरीस कारागिरांचे पैसे देण्यासाठी घरातले सोने बँकेत न्यावे लागत आहे. अशा ब्रँडने पुढे काय करावे? दुकान घ्यावे, ऑनलाइन जोर लावावा, कर्ज काढावे, गुंतवणूकदार आणावा, की आहे तेवढ्यावरच थांबावे?

पेच नेमका कोणता?

धंदा चालत नसेल तर निर्णय सोपा असतो, दुःखद असला तरी. येथे धंदा चालतो आहे, पण पैसा खेळत नाही. कपड्याच्या धंद्यात पैसा आधी जातो आणि नंतर येतो. कापड रोखीने किंवा थोड्या उधारीवर घ्यायचे, शिलाईचे पैसे आठवड्याला चुकवायचे, छपाईवाल्याला आगाऊ रक्कम द्यायची. विक्री मात्र श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या तीन-साडेतीन महिन्यांत एकवटलेली. उरलेले वर्ष भाडे आणि पगार चालूच राहतात. अशा स्थितीत ऑर्डरी दुप्पट झाल्या तर आधी लागणारे भांडवलही जवळपास दुप्पट होते. त्यामुळे वाढ हाच अनेकदा आजार असतो; मालक मात्र तिलाच औषध समजून आणखी घेत राहतो.

त्यात प्रत्येक कपड्याच्या मापांची भर. एक डिझाइन, तीन रंग, पाच मापे म्हणजे १५ प्रकारचे नग. ४० डिझाइन असलेल्या ‘छोट्या’ ब्रँडकडे हिशेबाने ६०० प्रकारचे नग होतात. मीडियम आणि लार्ज संपतात, स्मॉल आणि डबल एक्सएल उरतात. वेबसाइटवर डिझाइन ‘उपलब्ध’ दिसते, पण ग्राहकाला हवे ते माप नसते. कपाटात माल भरलेला आणि तरीही विकायला काही नाही, अशी ही अवस्था आहे.

९९९ रुपयांच्या टी-शर्टमध्ये उरते किती?

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपले आकडे घालावेत. टी-शर्टची किंमत करासह ९९९ रुपये. पाच टक्के जीएसटी वजा जाता सुमारे ९५१ रुपये उरतात. कापड, शिलाई, छपाई, लेबल धरून खर्च ३४० रुपये. म्हणजे एका नगामागे ६११ रुपये सुटतात. कागदावर हा नफा भरघोस दिसतो.

आता स्वतःच्या वेबसाइटवर १०० ऑर्डरी आल्या असे समजा. त्यातल्या २५ परत आल्या. काहींनी दारात माल नाकारला, काहींना माप बसले नाही. प्रत्यक्ष विकले गेले ७५ नग. जमा झाले ७१,३२५ रुपये. या ७५ नगांचा खर्च २५,५००. जाहिरातीसाठी ऑर्डरमागे २२० रुपये मोजले, तर २२,०००. ही रक्कम परत आलेल्या ऑर्डरींवरही गेलेलीच असते. पाठवणावळ ७५ रुपयांप्रमाणे ७,५००, परत आणण्याचे १,८७५, पॅकिंगचे १,५००, पेमेंट आणि ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चे शुल्क २,०००. परत आलेल्यांपैकी पाच नग डागाळलेले किंवा धुतलेले निघाले, त्यांचे १,७०० बुडाले. सगळे वजा जाता हातात राहतात ९,२५० रुपये. मोबाइलच्या पडद्यावर विक्री मात्र ९९,९०० रुपयांची दिसत असते. गाळ्याचे भाडे, मदतनिसांचे पगार, फोटोशूट आणि मालकाचे स्वतःचे पोट या सव्वानऊ हजारांतून भागवायचे आहे.

खरी मेख पुढे आहे. विक्री वाढवण्यासाठी जाहिरातीचे बजेट वाढवले की नेहमीच्या ग्राहकवर्गाबाहेरच्या लोकांपर्यंत जावे लागते आणि एका ऑर्डरमागचा जाहिरातखर्च चढत जातो. तो २२० वरून ३१० रुपयांवर गेला, तर १०० ऑर्डरींमागे उरतात २५० रुपये. म्हणजे ऑर्डरी दुप्पट करून २०० केल्या तरी एकूण शिल्लक ५०० रुपये! आधी १०० ऑर्डरींत सव्वानऊ हजार मिळत होते, आता दुप्पट राबून पाचशे.

याच हिशेबात दोन आकडे बदलून पाहावेत. जाहिरातखर्च २२० रुपयेच ठेवून परत येणाऱ्या ऑर्डरी २५ वरून १५ वर आणल्या, तर शिल्लक ९,२५० वरून सुमारे १६,८०० होते. आणि परतावा तसाच ठेवून १०० पैकी ३० ऑर्डरी जुन्या ग्राहकांकडून, जाहिरातीविना आल्या तर ती १५,८५० होते. यासाठी नवे दुकान लागत नाही की गुंतवणूकदार लागत नाही. छाती आणि लांबीची मापे इंचांत देणारा नीट तक्ता, माल पाठवण्यापूर्वी एक फोन आणि जुन्या ग्राहकांची व्यवस्थित ठेवलेली वही एवढ्यावर हे होऊ शकते. हे काम कंटाळवाणे असते. त्याचे रील बनत नाही, म्हणून बहुधा ते मागे पडते.

मिंत्रा, आजिओ, अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठांचा पर्यायही आहेच. तिथे गर्दी आयती मिळते, पण कमिशन जाते, सवलतींच्या महोत्सवात भाग घेण्याचा दबाव येतो आणि ग्राहक कोण हे ब्रँडला नीट कळत नाही. शिवाय विक्रीच्या रकमेतून जीएसटीपोटी ०.५ टक्के आणि प्राप्तिकरापोटी ०.१ टक्का कापून घेतला जातो. हे पैसे बुडत नाहीत, पुढे वळते होतात. पण ज्याच्याकडे रोखीची चणचण आहे त्याला तेवढेही जाणवतात. जुना माल काढायला ही जागा उत्तम. नवे डिझाइन आधी तिथेच मांडणे मात्र महागात पडू शकते.

मग दुकान घ्यावे का?

दादरला दुकान, हे इथल्या प्रत्येक मराठी उद्योजकाचे स्वप्न असते. रानडे रोडवर आपल्या नावाची पाटी लागली की नातेवाइकांना धंदा खरा वाटू लागतो. पण हिशेब भावनेवर चालत नाही. समजा २०० चौरस फुटांच्या गाळ्याचे भाडे सव्वा लाख, दोन माणसांचे पगार ४० हजार, वीज आणि किरकोळ खर्च १५ हजार. महिन्याला एक लाख ८० हजार. नगामागे ६११ रुपये सुटत असतील तर केवळ खर्च भरून काढायला महिन्याला २९५ नग, म्हणजे रोज दहा-अकरा नग विकले गेले पाहिजेत. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबलेले असेल त्या दिवशीसुद्धा. सहा महिन्यांची अनामत आणि फर्निचर मिळून साडेबारा लाख आधीच अडकतात. त्याच पैशांत जवळपास ३,७०० नग तयार होतात.

दुकानाच्या बाजूनेही बोलायला हवे. दुकानात गिऱ्हाईक कपडा अंगाला लावून पाहते, त्यामुळे परतावा जवळपास नसतो. जाहिरातीचा खर्च भाड्यातच येतो. आणि एकदा समाधानाने गेलेले गिऱ्हाईक बहिणीला घेऊन येते. मेट्रो-३ ची आरे ते कफ परेड ही पूर्ण मार्गिका ९ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवाशांसाठी खुली झाली. गिरगाव, काळबादेवी, सिद्धिविनायक, दादर ही स्थानके एका धाग्यात आली. दुसरीकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला आणि परळ-प्रभादेवीची रोजची ये-जा वळसा घालू लागली. रस्त्यावरची गर्दी कोणत्या बाजूने वाहते, हे या शहरात दर दोन वर्षांनी बदलते. करार मात्र तीन किंवा पाच वर्षांचा करावा लागतो. लोअर परळच्या मॉलमध्ये तर बहुधा किमान भाडे किंवा विक्रीतला हिस्सा, यातले जे जास्त असेल ते द्यावे लागते. देखभाल शुल्क वेगळे. छोट्या ब्रँडला तिथला कायमचा गाळा सहसा झेपत नाही. सणापुरता महिनाभराचा स्टॉल मिळाला तर गोष्ट वेगळी.

दोन्हींच्या मधला आणि दादरकरांच्या चांगल्या ओळखीचा रस्ता म्हणजे प्रदर्शन. वनिता समाज, सावरकर स्मारक, अँटोनियो डिसिल्व्हा शाळेचे मैदान. तीन दिवसांच्या स्टॉलचे ३० हजार आणि टेम्पो, मदतनीस, जेवणखाण यांचे १२ हजार धरले तर ६९ नगांवर खर्च निघतो. १२० नग विकले तर ३१ हजारांहून अधिक हातात पडतात. ४० च विकले तर साडेसतरा हजारांचा खड्डा. तोटा झाला तरी तो तीन दिवसांचा असतो, तीन वर्षांचा नव्हे. शिवाय कोणता रंग लोक हातात घेऊन परत ठेवतात, हे कोणत्याही अ‍ॅपवर दिसत नाही. प्रदर्शनाच्या टेबलामागे उभे राहिले की दिसते. दोन-तीन हंगाम एकाच भागातल्या प्रदर्शनांत खर्च सहज निघत असेल, तर त्या भागात दुकानाचा विचार करायला आधार मिळतो. उलट क्रमाने केलेला प्रयोग धोक्याचा.

मुंबईतल्या इतर ब्रँडनी काय केले?

याच शहरात जवळपास एकाच वेळी सुरू झालेल्या तीन ब्रँडचे मार्ग पाहण्यासारखे आहेत. ‘बेवकूफ’ हा ब्रँड २०१२ मध्ये आयआयटी मुंबईतून शिकलेल्या प्रभकिरण सिंग आणि सिद्धार्थ मुनोत यांनी सुरू केला. स्वस्त, मिश्कील मजकुराचे टी-शर्ट, ऑनलाइन विक्री आणि मोठा खप हा त्यांचा मार्ग. कमी किमतीत मोठा खप साधायचा तर सतत भांडवल ओतावे लागते. अखेर २०२२ मध्ये आदित्य बिर्ला फॅशनच्या ‘टीएमआरडब्ल्यू’ या कंपनीने ज्या आठ ऑनलाइन ब्रँडमध्ये गुंतवणूक जाहीर केली, त्यात बेवकूफ होता आणि त्यातला बहुसंख्य हिस्सा या समूहाकडे गेला. याला अपयश म्हणणे चूक ठरेल. पण संस्थापकाच्या हातातून सुकाणू जाणे ही त्या मार्गाची किंमत आहे, हे आधीच माहीत असलेले बरे.

‘द सोल्ड स्टोअर’ची सुरुवात २०१३ ची. त्यांनी चित्रपट, मालिका आणि सुपरहिरोंच्या पात्रांचे अधिकृत परवाने घेऊन कपडे काढले. परवान्याचे मानधन जाते, पण ग्राहक ते पात्र शोधत स्वतःहून येतो. जाहिरातीवरचा काही खर्च परवान्यावर वळवला, असेही याकडे पाहता येईल. त्यांना २०२१ मध्ये एलिव्हेशन कॅपिटलकडून ७५ कोटी आणि २०२३ मध्ये एक्सपोनेंशिया कॅपिटलच्या पुढाकाराने १३५ कोटी रुपये मिळाले. आधी ऑनलाइन पाया, मग दुकाने, असा त्यांचा क्रम राहिला.

तिसरे उदाहरण काळाघोड्याच्या ‘बॉम्बे शर्ट कंपनी’चे. अक्षय नार्वेकर यांनी २०१२ मध्ये ते सुरू केले. मापाचा शर्ट ऑनलाइन मागवायचा ही कल्पना होती, पण कापडाला हात लावल्याशिवाय आणि टेप अंगाला लागल्याशिवाय लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून दुकान आले. या पद्धतीचा मोठा फायदा मात्र वेगळाच आहे. शर्ट आधी विकला जातो आणि मग शिवला जातो. पडून राहणारा माल जवळपास नाहीच. गिरगाव-दादरच्या शिंप्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले. त्याला कोणी ‘बिझनेस मॉडेल’ म्हटले नाही एवढेच.

शंभर वर्षांपूर्वीचाही एक दाखला आहे. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ मध्ये ‘बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स’ उभे राहिले. लोकमान्य टिळकांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. देशी माल एका छताखाली मिळावा हा हेतू होता. स्वातंत्र्यानंतर ‘देशी’ हे वेगळेपण राहिले नाही, कारण बाजारातला बहुतेक माल देशीच झाला. १९९० च्या दशकात ‘द बॉम्बे स्टोअर’ या नावाने त्याने हस्तकला, भेटवस्तू आणि कपडे विकणारे लाइफस्टाइल दुकान असे नवे रूप घेतले. ज्या वेगळेपणावर ब्रँड उभा असतो ते कालांतराने सर्वांचे होते. आज ‘मराठी ओळींचा टी-शर्ट’ याबाबतीत तेच घडते आहे.

आणि ज्या मातीत हे सगळे चालले आहे तिचे काय? १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातली कापड गिरणी हळूहळू थांबली आणि जमीन बोलू लागली. १८७९ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डाइंगने २०२३ मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जमीन जपानी सुमितोमो समूहाच्या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांना देण्याचा व्यवहार केला. परळमध्ये चौरस फूट जे कमावतो ते कापडाचा मीटर कमावू शकत नाही. छोट्या ब्रँडने येथे गाळा भाड्याने घेऊन कपडे शिवून घ्यावेत की शिलाई भिवंडी, उल्हासनगर किंवा तिरुपूरला न्यावी, या प्रश्नाचे उत्तर त्या दरांत आहे. शिलाई बाहेर नेली तर खर्च कमी होतो, पण परगावचा कारखानदार रंगामागे ठरावीक नग घ्यायला लावतो. मग स्वस्त शिवलेला माल पडून राहतो. लालबागच्या चाळीतली, पीस-रेटवर काम करणारी कारागीर बाई नगामागे थोडे जास्त घेत असेल, पण ती ३० नगही शिवून देते. नवे डिझाइन चालते की नाही हे कळेपर्यंत तिचाच मार्ग स्वस्त पडतो.

जीएसटीच्या बदलाने काय साधते?

२२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. आधी पाच टक्क्यांची मर्यादा १,००० रुपयांची होती आणि त्यावर १२ टक्के होता. हातमागाचा कुर्ता किंवा इरकल कापडाचे जाकीट १,४०० ते २,२०० रुपयांना विकणाऱ्या ब्रँडला हा थेट दिलासा आहे. पूर्वी अनेकांनी कराच्या धास्तीने ९९९ चा आकडा धरून ठेवला होता आणि कापडाचा दर्जा त्यात कोंबला होता. आता दर्जा वाढवून किंमत वाढवायला जागा आहे.

वरच्या टोकाला मात्र पायरी उंच आहे. करपूर्व किंमत २,५०० असेल तर ग्राहक २,६२५ रुपये देतो. ती २,५०१ झाली की ग्राहकाला सुमारे २,९५१ रुपये पडतात. दुकानदाराला एक रुपया जास्त, ग्राहकाला ३२६ रुपये जास्त. पैठणी काठाचे जाकीट किंवा भरतकामाचा कुर्ता काढणाऱ्यांनी हा मधला पट्टा टाळलेला बरा.

उधारीत अडकलेल्या पैशांचे काय?

दुसऱ्यांच्या दुकानांत माल ठेवणे हा वाढीचा स्वस्त मार्ग वाटतो. पण ‘विकले की पैसे’ या बोलीवर दिलेला माल म्हणजे बिनव्याजी कर्जच. प्राप्तिकर कायद्यातील तरतुदीनुसार, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही. पैसे देईल त्या वर्षी दाखवता येतो. ब्रँडची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून असेल तर हे हत्यार उपयोगी आहे. निव्वळ व्यापारी म्हणून नोंद असेल तर ते लागू होत नाही. या तरतुदीची दुसरी धारही लक्षात ठेवावी. शिलाई करून देणारे युनिट उद्यम नोंदणीकृत असेल, तर त्याचे पैसे थकवणाऱ्या ब्रँडलाही तोच नियम लागतो.

कर्ज, गुंतवणूकदार आणि पागडीचा गाळा

घर तारण ठेवून धंदा वाढवण्याच्या कथा ऐकायला थरारक असतात. बेंगळूरुच्या ‘चुंबक’ या लाइफस्टाइल ब्रँडच्या संस्थापक दाम्पत्याने घर विकून सुरुवात केली होती. ब्रँड नावारूपाला आला, दुकाने निघाली आणि पुढे तो मोठ्या समूहाकडे गेला. गिरगावच्या चाळीतल्या १८० चौरस फुटांच्या खोलीवर तीन पिढ्यांचा हक्क असेल, तर ती पणाला लावण्याआधी बिनतारणी पर्याय संपवायला हवेत. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्यावरच्या रकमेसाठी ‘सीजीटीएमएसई’ची पतहमी आहे, १ एप्रिल २०२५ पासून तिची मर्यादा १० कोटी रुपये झाली. मुद्रा योजनेत ‘तरुण’ गटातले कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. कर्ज हंगामाच्या मालासाठी घ्यावे, कारण तो माल विकून ते फिटते. जाहिरातीसाठी घेतलेले कर्ज फेडायला मागे काहीच उरत नाही.

गुंतवणूकदार आणायचा तर कंपनी हवी. येथे गिरगाव-दादरमध्ये एक खास अडचण येते, जी पुण्या-बेंगळूरुच्या सल्लागाराच्या लक्षात येणे कठीण. अनेक कुटुंबांकडे वडिलोपार्जित पागडीचा गाळा असतो आणि नाममात्र भाडे हाच त्यांच्या ब्रँडचा खरा आधार असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे संरक्षण एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्यांना मिळत नाही. गुंतवणूकदाराने प्रीमियमपोटी दिलेली रक्कम या भागभांडवलात धरली जात नाही, त्यामुळे मर्यादा लगेच ओलांडली जाते असे नाही. पण नंतर बोनस शेअर देऊन भागभांडवल फुगवले, तर ओलांडली जाऊ शकते. त्याआधीचा प्रश्न असा की वडिलांच्या नावावरचा गाळा कंपनीच्या नावे करणे हे हस्तांतर ठरते आणि त्यासाठी घरमालकाची लेखी संमती लागते. इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर बिल्डरच्या यादीत नाव कोणाचे आहे, यावर नव्या गाळ्याचा हक्क ठरतो. म्हणून कंपनी काढण्याआधी सनदी लेखापालाबरोबरच भाडेकरारातल्या जाणकार वकिलाची फी भरणे शहाणपणाचे. कधी कधी गाळा वडिलांच्याच नावे ठेवून माल, नाव आणि वेबसाइट तेवढी कंपनीकडे नेता येते का, हे तपासले जाते. त्यातही कायदेशीर खाचखळगे आहेतच.

नाव आणि डिझाइन राखायचे कसे?

चाललेले डिझाइन हिंदमाता किंवा रस्त्यावरच्या स्टॉलवर दिसू लागले की मालक हळहळतो. त्यावेळी फार काही करता येत नाही, कारण जे करायचे ते आधी करायचे होते. कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा वर्ग २५. वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. मुंबईचे ट्रेडमार्क कार्यालय अँटॉप हिलला, म्हणजे दादरहून टॅक्सीच्या अंतरावर आहे. ‘नाद खुळा’सारखा सर्वांच्या तोंडचा शब्द आपल्या एकट्याचा करणे कठीण, घडवलेले, वेगळे नाव टिकते.

डिझाइनची बाब आणखी नाजूक. नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणी केली नाही आणि ते ५० पेक्षा अधिक नगांवर यांत्रिक पद्धतीने वापरले, तर त्यावरचा कॉपीराइट कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ नुसार संपू शकतो. आणि डिझाइन नोंदणीसाठी ते आधी प्रसिद्ध झालेले चालत नाही. म्हणजे इन्स्टाग्रामवर आधी फोटो टाकला आणि मग अर्ज केला, तर उशीर झालेला असतो. दर आठवड्याला नवे डिझाइन काढणाऱ्याने प्रत्येकाची नोंदणी करत बसू नये. वर्षानुवर्षे चालणाऱ्या दोन-तीन डिझाइनांसाठी मात्र तो खर्च करावा.

यंदाच्या हंगामाचे गणित

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे सण पुढे सरकतात. गेल्या वर्षी २७ ऑगस्टला आलेली गणेश चतुर्थी यंदा १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. विक्री सुमारे अडीच आठवडे उशिरा सुरू होईल. भाडे आणि हप्ते मात्र कॅलेंडरच्याच तारखांना जातील. गेल्या वर्षीच्या तारखा धरून माल भरणाऱ्यांची जुलै-ऑगस्टमध्ये ओढाताण होईल. उलट धोंड्याच्या महिन्यात जावयाला कपडे देण्याची रीत अजून शाबूत आहे. एरवी मंदीच्या त्या दिवसांत पुरुषांच्या कुर्त्यांचा छोटा संच प्रदर्शनांत मांडला तर पावसाळ्याआधी थोडी रोख हाती येऊ शकते.

मंडळांच्या टी-शर्टचा हिशेब वेगळा. कापड, छपाई आणि शिलाईला दीड महिना धरला तर जुलैअखेर ऑर्डर पक्की व्हायला हवी. मंडळे संख्या शेवटच्या आठवड्यात वाढवतात, पैसे विसर्जनानंतर देतात. यंदा अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला आहे आणि लगेच पितृपंधरवडा लागतो, जेव्हा दुकानातली विक्रीही मंदावते. मंडळाचे नाव छापलेला टी-शर्ट विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कोणालाही विकता येत नाही. त्यामुळे निम्मी रक्कम आगाऊ घ्यायची की ओळखीखातर उधारी ठेवायची, हे जूनमध्ये ठरवावे लागेल. समोर बसलेला कार्यकर्ता त्याच चाळीतला आणि त्याच शाळेतला असतो. तो म्हणणार, ‘अरे, आपलंच मंडळ आहे, पैसे कुठे जातायत?’ त्याला आगाऊ रकमेचे लेखी कोटेशन पुढे करणे अवघड जाते, आणि नेमके तिथेच अनेक छोट्या ब्रँडचे भांडवल दरवर्षी अडकते.